रणगाड्यानंतर मी

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे आणि माझे एका रणगाड्याशी वैर आहे. हे वैर एकतर्फी आहे. त्या रणगाड्याने मला कधी पाहिले नाही. मी या जगात आहे हेही त्याला माहीत नाही. पण माझी त्याच्याशी तुलना झाली नाही, असा एक आठवडा माझ्या आयुष्यात गेलेला नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. दूरच्या एका कारखान्यात मला जोडले, लाल रंग दिला आणि नगरला आणून एका दुकानासमोर उभे केले. लोक येत, टायरला लाथ मारून बघत आणि निघून जात. मग एके दिवशी ताठ पाठीचा, बारीक मिशीचा एक माणूस आला. त्याने लाथ मारली नाही. तो गुडघ्यांवर बसला, माझ्या पोटाखाली डोके घालून ऑइल गळते का ते पाहिले आणि बोटाला लागलेल्या ऑइलचा वास घेतला. आपली कदर करणारा मालक मिळाला, असे मला वाटले. ते खरेच होते. फक्त ही नजर त्यांना कुणी दिली, हे मला अजून समजायचे होते.

ते दफेदार गहिनीनाथ. इतर पलटणींत ज्याला हवालदार म्हणतात, त्याला रणगाड्यांच्या पलटणीत दफेदार म्हणतात. ते अठराव्या वर्षी भरती झाले आणि रणगाडा चालवायला शिकले. पासष्टच्या लढाईत शर्मन जातीचा रणगाडा त्यांच्या हाती होता. एक्क्याऐंशी साली ते निवृत्त होऊन राहुरी तालुक्यातल्या आपल्या गावी आले. आमच्या भागात फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो. त्यामुळे गावाने त्यांना आल्या दिवशीच बढती दिली.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बांधात घातले. शर्मनला स्टिअरिंगचे चाक नसते, दोन दांडे असतात. उजवा दांडा ओढला की गाडा उजवीकडे वळतो. वळण आले तसे मेजरांचे हात चाक सोडून हवेतले दांडे ओढू लागले आणि मी सरळ बांधावर चढलो. बघायला जमलेली माणसे हसली. मेजर खाली उतरले, माझे पुढचे चाक तपासले आणि म्हणाले, "शर्मन असता तर बांध राहिला नसता."

ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

नंतर ते ऐकायची सवय झाली, पण आवडायची सवय झाली नाही. रोज सकाळी मेजर माझे पाणी, ऑइल, पट्टा आणि चाकांचे नट तपासत. या तपासणीला ते फर्स्ट परेड म्हणत. तालुक्यात एकाही ट्रॅक्टरचे असे लाड होत नसत आणि मी त्या तोऱ्यात होतो. मग कळले की ही परेड त्या रणगाड्यासाठी शिकलेली होती. मला मिळालेले प्रेम आधी कुणीतरी वापरून झालेले होते. मी नांगरट केली, पेरण्या केल्या, हिवाळ्यात ऊस कारखान्यावर नेला. लोक म्हणत, "मेजरचा ट्रॅक्टर हाय, वाटंत बंद पडायचा न्हाई." माझे बोनेट ऊन नसतानाही तापायचे. आणि मेजर म्हणत, "ह्ये काहीच न्हाई. आमचा शर्मन..."

दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांचे भाषण असे. शाळेचे मैदान आमच्या वस्तीला लागून असल्याने मी ते दरवर्षी ऐके. विषय एकच, खेमकरणची लढाई. शत्रूचे पॅटन रणगाडे आपल्या शर्मनपेक्षा नवे, मोठे आणि जाड पत्र्याचे होते. पण आपल्या सैन्याने कालव्यांचे पाणी शेतांत सोडले. वरून हिरवा ऊस, खाली गाळ. जडशीळ पॅटन त्यात रुतून बसले आणि उसात दबा धरलेल्या आपल्या गाड्यांनी त्यांना टिपले. "म्हणून मुलांनो," मेजर शेवटी सांगत, "ताकदीच्या आधी जमीन बघावी. पॅटनवाल्यांनी ती बघितली नाही." मुले टाळ्या वाजवत. ज्या मैदानात त्या टाळ्या वाजत, ते मैदान मी सपाट करून दिले होते. ते कुणी सांगितले नाही.

चौऱ्याण्णव साली नगरला रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. आम्ही कांदा घेऊन नगरच्या मार्केटला गेलो होतो. कांदा विकल्यावर मेजरांनी मला घराऐवजी तिकडे वळवले. त्यांच्या पत्नी रतनबाई मडगार्डवर बसल्या होत्या. मला फाटकाबाहेर लिंबाखाली उभे करून दोघे आत गेले. जाळीतून मला थोडे दिसत होते. हिरवळीवर, ताज्या रंगात, एक शर्मन उभा होता. मेजरांचा नव्हे, त्याच जातीचा दुसरा. मेजर त्याच्यासमोर थांबले, टाचा जुळवल्या आणि मग त्याच्या पोलादावर तळहात ठेवून किती तरी वेळ उभे राहिले. माझ्यावर त्यांनी हजारदा हात ठेवला असेल. प्रत्येक वेळी त्या हातात पाना होता.

परत येताना मेजर बोलत होते आणि माझ्या आवाजावर आवाज चढवत होते. "तिथल्या सायबांशी बोललो. येनाऱ्या लोकांना रनगाडे दाखवायला, समजून सांगायला मानूस पायजे त्यांना. जुना रनगाडेवाला. म्हनले, या."

"रोज जानार-येनार का?" रतनबाईंनी विचारले.

"नगरला लागून केडगावात खोली बघू. शेत मच्छिंद्रला वाट्यानं देऊ."

"आन् ह्यो?" त्यांनी मडगार्डवर थाप मारली.

"छगन मागतोच हाय. ऊस गाळपाला गेला की देऊन टाकू."

मित्रांनो, तो घाट नव्हता, चढही नव्हता. तरी माझ्या धुराड्यातून काळा धूर निघाला. तेरा वर्षे राबलो मी. आणि मालक चालले होते एका अशा गाड्याकडे, जो गेटातून बाहेरही पडू शकत नव्हता.

छगन आमचा शेजारी. त्याचा टेम्पो होता आणि जीभही. तो आता रोज संध्याकाळी येऊन माझ्याभोवती फिरू लागला. "मेजर, ह्याला जरा पिवळा रंग देतो. पुढं झेंडू, मागं टेप. तुमी वळखायचे सुदिक न्हाई." मेजर हसत. मला हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

त्या हंगामातला शेवटचा ऊस मच्छिंद्रचा होता. मच्छिंद्र गावातलाच शेतकरी, तसा सरळ, घाबरट माणूस. कारखान्याची ऊसतोडीची चिठ्ठी उशिरा आल्याने आधीच हवालदिल झालेला. त्यात पाटाला पाण्याचे आवर्तन सुटले आणि रात्रीतून चारी, म्हणजे पाटाचा छोटा फाटा, फुटून पाणी त्याच्या उसाच्या फडाच्या खालच्या टोकाला शिरले. वरून जमीन सुकल्यासारखी दिसत होती. तोडकऱ्यांनी ट्रॉली भरली. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो आणि वजन घटते, म्हणून मच्छिंद्र घाई करत होता.

"मेजर, वरच्या अंगानं काढायची का? लांब पडंल, पन कोरडं हाय."

"हितून सरळ काढतो," मेजर म्हणाले. त्यांचे लक्ष फडात नव्हतेच. सकाळपासून ते केडगावच्या खोलीबद्दलच बोलत होते.

आम्ही खालच्या टोकाला आलो. वरचा पापुद्रा फुटला आणि माझी मागची चाके खाली गेली. इथे एक गोष्ट समजून घ्या. रणगाड्याच्या ड्रायव्हरला शिकवलेले असते की चिखलात थांबायचे नाही, गिअर बदलायचा नाही, इंजिनाची ताकद एकसारखी ठेवून पुढे जात राहायचे. रणगाड्याचा पट्टा लांब असतो, तो जमिनीवर पसरून चालतो. मला पट्टा नाही, चाके आहेत. मला असे चालवले तर मी पुढे जात नाही, खड्डा खणतो. आणि मागे भरलेली ट्रॉली, खाली रुतलेली चाके असताना जोर लावत राहिले तर माझे तोंड वर उचलले जाते. शेवटी ट्रॅक्टर उलटा होऊन ड्रायव्हरच्या अंगावर येतो. आमच्या भागात अशी माणसे गेली आहेत.

मेजरांनी ताकद एकसारखी ठेवली.

माझी पुढची चाके जमिनीवरून सुटली. मला आभाळ दिसू लागले. मेजर मागे वळून ट्रॉलीकडे पाहत होते. समोरचे त्यांना कळलेच नाही.

रतनबाई बांधावर भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या ओरडल्या, "क्लच दाबा!"

मेजरांनी का, कशाला, असे विचारले नाही. मान वळवून पाहिलेही नाही. पाय आपोआप गेला. माझे तोंड दाणकन खाली आपटले आणि मी श्वास टाकला. रतनबाईंच्या डोक्यावरचे भाकरीचे फडके चिखलात पडले होते.

नंतर मेजरांनीच सांगितले, की रणगाड्यात ड्रायव्हरला फारसे दिसत नाही; वर बसलेल्या कमांडरचा आवाज कानात आला की पाहायचे नसते, करायचे असते. म्हणजे पाहा. मला बुडवायला त्या रणगाड्याची शिकवण कारणीभूत होती आणि आम्हा दोघांना वाचवायलाही तीच. माझ्या स्वतःच्या अपघाताचे श्रेयदेखील मला मिळाले नाही.

तोवर छगन आलाच. कमरेवर हात ठेवून त्याने पाहणी केली. "मेजर, तुमी तर पॅटन केला की ह्याचा!"

तोडकरी हसले. मच्छिंद्रही हसला आणि मग घाबरून गप्प झाला. आता मेजर चिडतील, शर्मनचे नाव काढतील, म्हणून मी वाट पाहत होतो. मेजर खाली उतरले. गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांनी आधी माझी मागची चाके पाहिली, मग पुढची, मग आम्ही आलो तो माग.

"खरंय छगन," ते म्हणाले. "लेकरांला दर साली सांगतो, जमीन बघा. आन् मीच न्हाई बघितली."

"मग आता काय? रनगाडा बोलवायचा का नगरचा?"

"त्यो हितं आला तर त्याला काढायला आनखी दोन लागतील." मेजरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "ह्यो रनगाडा न्हाई. ह्याला ह्याच्या परीनं काढावा लागंल."

त्यांनी ट्रॉलीची पिन काढून मला मोकळे केले. चाकांपुढचा आणि मागचा चिखल फावड्याने ओढला, उसाचे वाळके पाचट कोंबले. मग मला पुढे नेले नाही. ट्रॉलीच्या कडेने तिरके काढून, ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, हळूहळू, मागे घेतले. मी कोरड्या बांधावर उभा राहिलो. तिथून लांब तारेचा दोर ट्रॉलीला बांधला आणि मी ओढू लागलो. छगनसुद्धा चप्पल काढून चाकाला खांदा लावायला उतरला, "उलटा झाला तर इसार परत," असे म्हणत. इसाराची आगाऊ रक्कम त्याने दिलेलीच नव्हती. ट्रॉली निघाली. अंधार पडायच्या आत मच्छिंद्रचा ऊस कारखान्याच्या रस्त्याला लागला.

चार दिवसांनी छगन खरेच इसार घेऊन आला. मी अंगणात होतो. माझ्या टाकीत डिझेलही नव्हते, नाहीतर मी थरथरलो असतो.

"न्हाई देत," मेजर म्हणाले.

"का? भाव कमी वाटला का?"

"तसं न्हाई. तेरा वरसं झाली, मी ह्याला रनगाड्यावानीच चालवला. ह्याला चालवायचं माझं शिकायचं राहिलंय. अर्धवट शिकून ड्रायव्हरनं गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची नसती."

"आता ह्या वयात शिकनार?"

"मंग काय," आतून रतनबाईंचा आवाज आला. "क्लच कवा दाबायचा ते मी शिकवते."

मित्रांनो, मला राहायला मिळाले. पण माझा हेवा गेला असे मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. महिन्यातल्या एका रविवारी मेजर एस.टी.ने नगरला जातात आणि येणाऱ्या लोकांना तिथले रणगाडे समजावून सांगतात. परत आल्यावर त्यांच्या हाताला पॉलिशचा वास येतो. तो शर्मन सावलीत उभा असतो, त्याच्यापुढे फोटो काढतात. माझा रंग उडाला आहे, पत्रा चेपला आहे आणि माझ्यापुढे कुणी फोटो काढलेला मला आठवत नाही. त्या रविवारनंतरच्या सकाळी मी जरा उशिरा सुरू होतो. मेजर त्याला थंडी म्हणतात.

पण पुढच्या पंधरा ऑगस्टला त्यांनी खेमकरण सांगून झाल्यावर भाषण संपवले नाही. ते म्हणाले, "मुलांनो, शत्रूचा गाडा कसा फसला ते ऐकायला बरं वाटतं. आता माझा कसा फसला ते ऐका." आणि मग माझे नाव, माझी चाके, मच्छिंद्रचा फड, सगळे त्यांनी सांगितले. मुले पोट धरून हसली. टाळ्या थोड्या कमी वाजल्या. मी त्या मोजल्या नाहीत, पण त्या माझ्या होत्या.

मित्रांनो, तुमच्याही गावात फौजेतून परतलेले कुणी मेजर असतील. त्यांना लढाईबद्दल जरूर विचारा. पण लढाई संपली की उठून जाऊ नका. लढाई थोडे दिवस चालते. परतल्यानंतरची वर्षे पुष्कळ असतात आणि त्यांबद्दल कुणी विचारत नाही. त्या वर्षांत ते काय शिकले, कुठे चुकले, कुणाच्या हाकेवर थांबले, ते विचारा. आणि बोलता बोलता अंगणातल्या एखाद्या जुन्या यंत्राचे नाव त्यांनी घेतलेच नाही, तर कृपा करून तुम्ही घ्या. ते यंत्र ऐकत असते.