दोऱ्यावर नजर

"शटरच्या पडद्याला भोकं आहेत का बघ," अपांनी मागचं झाकण उघडलेला कॅमेरा माझ्या तोंडासमोर धरला. "उन्हाकडे कर. चांदण्या दिसल्या तर परत दे."

दोन-तीन चांदण्या दिसल्या. तसं म्हणताच अपांनी तो कॅमेरा विक्रेत्याच्या चादरीवर परत ठेवला. बिश्केकच्या जुन्या बाजारात रविवारी अशा चादरी पसरलेल्या असतात. समोवार, पदकं, गंजकी कुलपं आणि त्यांच्यात कॅमेरे. सकाळपासून कितीतरी कॅमेरे नापास झाले होते. अपा म्हणजे माझ्या सासूबाई. मला सून करून आणताना त्यांनी इतकी चौकशी केली नव्हती.

"एजे, ताई, हा जपानी घ्या," विक्रेता म्हणाला. "फोकस स्वतःच करतो. तुम्ही नुसती कळ दाबायची."

"समोर दहा माणसं असली तर कोणाकडे बघायचं, हे कोण ठरवतं?"

"तोच ठरवतो."

"मग फोटो त्याचाच झाला की. मी कशाला हवी?"

विक्रेता हसला आणि त्याने खोक्यातून एक जुना रशियन झेनिट काढला. अपांनी तो कानाशी धरून कळ दाबली, पुन्हा दाबली, डोळे मिटून ऐकत राहिल्या. भिंगाचं कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग तो माझ्या हातात दिला.

"बोट पोचतं का कड्यापर्यंत?"

"वापरणार तुम्ही, मला काय विचारता?"

"विचारलं तेवढं सांग."

"पोचतं. पण वीट आहे नुसती!"

"वीटच बरी. हात हलत नाही," अपा म्हणाल्या आणि तो कॅमेरा घेतला.

अपांचं नाव कलिपा. आमच्या कोचकोर गावच्या सरकारी फोटो स्टुडिओत त्या तरुणपणापासून कामाला होत्या. सोव्हिएत राज्य गेलं, स्टुडिओच्या जागी चपलांचं दुकान आलं, आणि अपा कॅमेरा घेऊन घरी आल्या. तेव्हापासून त्या लोकांच्या अंगणात जाऊन फोटो काढत. तो कॅमेरा या वसंतात कायमचा अडकला, म्हणून ही बाजाराची खेप.

आणि घाई होती. माझी बेगिमाय भिंतीला धरून चालायला लागली होती. आमच्याकडे मूल पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा बांधतात. गल्लीच्या टोकापासून पोरं धावत येतात, आणि जे पहिलं पोचेल ते सुरीने तो दोरा कापतं. मग मूल मोकळ्या पायांनी आयुष्यात चालायला लागतं. हे एकदाच होतं. चुकलं म्हणून पुन्हा दोरा बांधता येत नाही.

अर्ध्या कोचकोरच्या घरांत भिंतीवर अपांनी काढलेला, दोरा तुटतानाचा फोटो आहे. दुसरे फोटोवाले मुलाच्या चेहऱ्यावर फोकस करतात. अपा दोऱ्यावर करत. "चेहरा काय, रोज असतो," त्या म्हणत. कॅमेऱ्याच्या काचेत काळा पदर वेगळा आणि पांढरा पदर वेगळा दिसला की त्यांचं बोट कड्यावरून उठायचं. मग समोर घोडा उधळला तरी त्या कडं फिरवत नसत. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

माझा नवरा तालाय रशियात नोवोसिबिर्स्कला विटा रचायला गेला, त्यानंतर बेगिमाय जन्मली. त्याने तिला पाहिलेलंच नाही. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "पैसे मी पाठवतो, तुम्ही तो फोटो पाठवा. दोरा तुटतानाचा. अपाच्या हातचा."

कॅमेरा आल्यावर अपांनी आठवडाभर मला कामाला लावलं. कुंपणाच्या खांबावर फोकस कर, किटलीच्या नळीवर कर, कोंबडी येईल तिथे आधीच करून ठेव आणि वाट बघ. नवा कॅमेरा तपासून घेतायत, असंच मला वाटलं.

सोहळ्याच्या दिवशी अंगणात लोकरीचा नमदा अंथरला होता, तळलेल्या बोर्सोकची ताटं भरली होती. शेजारची बातमा सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. तिचं आणि अपांचं शाळेपासूनचं भांडण. "कलिपा, तुझा कॅमेरा यायची वाट बघता बघता पोरगी लग्नाला आली असती!" ती ओरडली.

पोरं गल्लीच्या टोकाला गेली. तेवढ्यात अपांनी मला कोठीत बोलावलं आणि कॅमेरा माझ्या गळ्यात घातला.

"तू काढ."

"अपा, चेष्टा करू नका. तालायला तुमच्या हातचा हवाय."

"या डोळ्यांना दोरा दिसत नाही पोरी. काळाही नाही नि पांढराही नाही. मधोमध सगळं पुसल्यासारखं झालंय." त्यांनी ओढणी सारखी केली. "डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता. हे वेगळं आहे. नजर परत यायची नाही."

बाजारातल्या चांदण्या आठवल्या, किटलीची नळी आठवली. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू शिकली नसतीस, माझी काळजी करत बसली असतीस. आता ऐक. कळ दाबलीस की आतला आरसा वर जाईल आणि अंधार होईल. घाबरू नकोस. आणि बाहेर कुणाला बोलू नकोस. लोकांना माझ्याकडून फोटो घ्यायची सवय आहे, मला त्यांच्याकडून कीव घ्यायची नाही."

मग त्या ताठ मानेने अंगणात आल्या. "आज मी आजी," त्यांनी जाहीर केलं. "फोटो सून काढेल."

"म्हातारी आळशी झाली!" बातमा म्हणाली.

"आळशी कसली? सासू झाले. राबवायला नको का सुनेला?"

सगळे हसले. मी मातीत गुडघे टेकले. काचेत दोरा म्हणजे नुसता धूर होता. कडं फिरवलं, जास्त झालं, मागे आणलं. मग एकाएकी काळा पदर वेगळा झाला आणि पांढरा वेगळा. मी बोट काढून घेतलं. अपा माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.

गल्लीतून आरडाओरडा सुरू झाला. "पोरं आली," अपा हळूच म्हणाल्या. "पुढची मुलगी आहे, हलक्या पायाची. ती वाकेपर्यंत थांब. वाकली की श्वास सोड. सुरी टेकली की दाब."

सगळ्यांच्या पुढे आलेली चिनारा वाकली. सुरी टेकली. मी दाबलं आणि अंधार झाला.

अंगणभर जल्लोष उठला. कॅमेरा खाली घेतला तेव्हा नमद्यावर दोऱ्याचे तुकडे पडले होते, आणि माझी मुलगी हात पसरून ताटांच्या दिशेने निघून गेली होती. तिचं पहिलं मोकळं पाऊल मी पाहिलंच नाही.

"नाही ना दिसलं?" अपांनी विचारलं.

"नाही."

"मलाही तालायचं दिसलं नव्हतं. आपल्या धंद्यात असंच आहे बाई." खांद्यावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

पाहुणे जेवत होते तोवर कोठीत अपांनी फिल्म धुतली. काळोखात त्यांचे हात नेहमीसारखेच सरसर चालत होते, तिथे त्यांच्यात काहीच कमी नव्हतं. फिल्म वाळल्यावर लाल दिव्याखाली फोटोचा कागद रसायनाच्या ट्रेमध्ये घातला.

"आला का?"

"येतोय." मी ट्रेवर वाकले. "सुरी आली. अपा, दोरा आला! पांढरा पदर तुटलाय, काळ्याचे दोनच धागे राहिलेत. तेसुद्धा वेगळे दिसतायत."

"आणि पाय?"

"डावा टाचेवर आहे. उजवा उचललाय, बोटं फाकली आहेत. दोऱ्याच्या जरा उजवीकडे."

त्यांनी ते सगळं दोनदा म्हणवून घेतलं. मग ओल्या कागदाचा कोपरा चिमटीत धरून त्या बाहेर गेल्या आणि पाहुण्यांच्या मधोमध तो फोटो ठेवला. माणसं भोवती गोळा झाली.

"ही सुरी," अपा नेहमीच्या करड्या आवाजात सांगू लागल्या. "दोऱ्याचा पांढरा पदर तुटलाय, काळा तुटतोय. सुनेचा हात बरा आहे. आणि हे बघा, आमच्या बेगीचं उचललेलं पाऊल."

त्यांचं बोट फोटोतल्या नुसत्या नमद्यावर टेकलं होतं. पाऊल तिथून चार बोटं लांब होतं. एका तरुण पाहुण्याने तोंड उघडलं.

बातमाने त्याला कोपराने मागे सारलं. नीट बघायला वाकल्यासारखं करून तिने कागद एका बोटाने हळूच सरकवला, तो बेगिमायचं पाऊल अपांच्या बोटाखाली येईपर्यंत.

"हो गं कलिपा," ती म्हणाली. "तिथेच आहे."