कमी खाणारा डायोड

मी एक जुना डायोड आहे, मित्रांनो. अंगाने तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, काचेचा, दोन टोकांना तारेचे दोन पाय. पाय असले तरी मी चालत नाही. माझ्यातून वीज चालते, तीही एकाच दिशेने. उलटी आली की मी दार लावून घेतो. काही विजांना घडीघडीला पुढे-मागे येरझारा घालायची खोड असते. त्यांना सरळ मार्गाला लावणं हे आमच्या घराण्याचं काम.

माझ्या पोटात जर्मेनियमचा एक कण आहे. कारखान्यात एका बाईंनी भिंगातून बघत त्यावर केसासारखी तार टेकवली, तो माझा जन्म. पुढे बारा वर्षं मी अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका रेडिओत होतो. हवामान, दुधाचे भाव, रविवारची प्रवचनं, सगळं माझ्यातून गाळून जायचं. लोक म्हणायचे, रेडिओ काय छान बोलतो. माझं नाव कुणी घेतलं नाही. मग सिलिकॉनचे डायोड आले, धट्टेकट्टे, उन्हाला न डगमगणारे. मला ऊन सोसत नाही हे खरं. तापलो की माझं दार नीट लागत नाही. एवढ्या दोषापायी मला आणि माझ्या तीन भावांना खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकलं. आठ वर्षं तिथे काढली. पेपरमिंटचा वास अजून अंगाला येतो.

डबी होती लुसेट थिबोची. गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारी, बावीस वर्षं डाख देऊन बोटं भाजून घेतलेली बाई. तिचे वडील ॲन्सेल, वय अठ्ठ्याहत्तर, चारशे मेपलच्या झाडांत वाढलेले. मार्च महिन्यात झाडांचा गोडसर रस नळ्यांतून उतारावरच्या टाकीत जमतो. टाकी भरत आली की तो उकळून पाक करायच्या भट्टीकडे सोडायचा. उशीर झाला तर सगळा वाहून जातो. म्हणून म्हातारा दर तासाला बर्फावरून टाकी बघायला जायचा. गेल्या वर्षी घसरला आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. झाडांचे कागद लुसेटच्या थोरल्या भावाच्या, रोलँडच्या नावावर होते. त्याने जेवताना जाहीर करून टाकलं.

"बाबा, यंदा एकदा जरी त्या बर्फावर दिसलात तर मी झाडं विकणार. गिऱ्हाईक तयार आहे."

"मग टाकी कोण बघणार? तू? तुला रस आणि पाणी यातला फरक कॉफीत घातल्याशिवाय कळत नाही."

"टाकीच सांगेल," लुसेट म्हणाली.

तिचा बेत असा होता. टाकीत पडणाऱ्या धारेखाली पत्र्याचं छोटं चक्र, चक्रावर लोहचुंबक, शेजारी तारेचं वेटोळं. चक्र फिरलं की चिमूटभर वीज तयार होणार, तिच्यावर एक इवलं रेडिओ-यंत्र चालणार आणि टाकी भरत आली की आत तरंगणाऱ्या बुचाने कळ दाबली जाऊन स्वयंपाकघरात घंटा वाजणार. सेल वापरावेत तर थंडीत ते मान टाकतात. तार ओढावी तर खारी कुरतडतात. पण चक्राची वीज येरझारा घालणारी, आणि जोर किती, तर जेमतेम एक व्होल्ट. सिलिकॉनचा डायोड विजेला वाट देताना पाऊण व्होल्ट स्वतःच खातो. खाऊनपिऊन सुखी मंडळी ती. मी पाव व्होल्टात भागवतो. आठ वर्षांनी कुणीतरी आमच्या कमी खाण्याची कदर केली आणि डबी उघडली.

चार डायोड दिसले की दुरुस्तीवाल्याचा हात आपोआप चौघांचा ब्रिज जोडतो, म्हणजे येरझारा घालणारी वीज सरळ करणारा चौकोन. लुसेटनेही तेच केलं. परीक्षेसाठी चक्राऐवजी घरच्या विजेवरचा ट्रान्सफॉर्मर लावला आणि ऑसिलोस्कोप सुरू केला. आत येणारी वीज आणि बाहेर पडणारी वीज, दोन्हींच्या लाटा तिला एकदम पडद्यावर बघायच्या होत्या. त्या यंत्राच्या दोन तारांना एकेक काळा चिमटा असतो, आणि दोन्ही चिमटे आतून एकमेकांना जोडलेले असतात. हे लुसेटला पक्कं ठाऊक होतं. दुकानात शिकायला येणाऱ्यांना ती याच चुकीवरून झापायची. तरी तिने एक चिमटा येणाऱ्या विजेवर लावला आणि दुसरा बाहेर पडणाऱ्या विजेवर. माझी दोन्ही टोकं एक झाली, मी रिकामा. सगळा लोंढा शेजारच्या भावावर. टिचकीएवढा आवाज झाला आणि धुराची बारीक रेघ वर गेली.

ॲन्सेल दारातून हुंगत म्हणाला, "हा वास सरपणाचा नाही."

"माझ्या अकलेचा आहे, बाबा."

"म्हणजे विकायची झाडं," रोलँड म्हणाला.

"तीन उरलेत."

"चारातले ना?"

"तू गप्प बस. मला विचार करू दे."

नवे मागवावेत तर टपालाने येईपर्यंत हंगाम संपला असता. लुसेटने पाकिटाच्या पाठीवर नवी आकृती काढली. आता डायोड दोनच आणि सोबत वीज साठवणारे दोन कपॅसिटर. पुढे जाणारी वीज एकाने साठवायची, मागे येणारी दुसऱ्याने, आणि दोघांना एकावर एक उभं करायचं. पाऊण आणि पाऊण, दीड व्होल्ट. यंत्राला एक पुरत होता. खरं सांगतो, ब्रिजमध्ये वीज एका वेळी आमच्यातल्या दोघांतून जाते. आम्ही पाव-पाव खाल्ल्यावर अर्धाच उरला असता आणि यंत्राने डोळाही उघडला नसता. भाऊ जळला नसता तर आम्ही चौघंही नापास झालो असतो. हे आठवलं की मला फार वाईट वाटतं.

बर्फ वितळू लागला तसं मला आणि एका भावाला पत्र्याच्या पेटीत घालून टाकीवर बसवलं. तिसरा अडीनडीसाठी डबीत राहिला. तिथल्या गारठ्यात माझं दार असं घट्ट लागायचं की बस्स. तिसऱ्या दिवशी दुपारी टाकी भरत आली आणि आम्ही निरोप धाडला. स्वयंपाकघरात काय झालं ते मला पुढे लुसेटच्या तोंडून कळलं. घंटा वाजताच ॲन्सेलने बूट चढवले.

"बाबा, बूट काढा," लुसेट म्हणाली. "घंटा वाजली ना?"

"खरंच भरलीय का, ते बघून येतो."

"मग घंटा कशाला लावली?"

"ती वाजली म्हणून तर जातोय."

लुसेट खुर्ची ओढून दाराला टेकून बसली. टाकीकडे रोलँड आला. त्याने झाकण उचललं, रस भट्टीकडे सोडला आणि परत गेला.

"काठोकाठ व्हायला चार बोटं राहिली होती," त्याने सांगितलं.

ॲन्सेलने बूट काढून चुलीजवळ ठेवले. "तुझ्या त्या गिऱ्हाइकाला कळव. झाडं विकायची नाहीत."

"कळवलंय. चक्र बसवलं त्याच दिवशी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरात थांबला असता?"

म्हाताऱ्याने ताज्या बर्फावर गरम पाक ओतला, तो चिक्कीसारखा थिजल्यावर मोठा वाटा रोलँडपुढे सरकवला आणि तोंडाचा गोडवा मोडायला सोबत लोणच्याची काकडी ठेवली. त्या घरात माफी अशीच मागतात.

मित्रांनो, मी अजून त्या टाकीवर आहे. मार्चमध्ये काम, उन्हाळाभर विश्रांती. माझी एवढीच विनंती आहे, जो थोडक्यात भागवतो त्याला जुना म्हणून डबीत टाकू नका. आणि तुम्ही कितीही वर्षं हे काम केलेलं असो, काळा चिमटा लावण्याआधी क्षणभर थांबा. तिथे कुणाचा तरी भाऊ बसलेला असतो.