कोन रुखमी?

“रूपी, ऊठ व! तुहा पुतन्या आला. न्याले आला तुले!” रुखमाबाई दारातूनच ओरडली.

रूपीबाईने सुई गोधडीत खोचली आणि उठायची घाई केली. पण मोडून वाकडा जुळलेला पाय तिला लवकर उठू देईना. रुखमाबाईने काखेत हात घालून तिला उभी केली.

बाभुळगावच्या रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात दोघींच्या खाटा शेजारी होत्या. रुखमाबाई राळेगावकडची कुणब्याची विधवा. दोन्ही पोरं पटकीत गेल्यावर दिराने तिला इथे आणून सोडली होती. रूपीबाई लमाणांच्या तांड्यातली. बैलाने पाडून पाय मोडला, आणि ती दवाखान्यातून निघेपर्यंत तिची माणसं जंगलतोडीच्या कामावर लांब निघून गेली होती. आली तेव्हा तिचा घागरा आणि दंडभर पांढऱ्या बांगड्या पाहून रुखमाबाईने आपली पाण्याची घागर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली होती.

पुढे रुखमाबाईला ताप भरला. खोलीतल्या बाकीच्या बायका लांबूनच विचारपूस करत. रूपीबाई मात्र तो लंगडा पाय ओढत चुलीपाशी जायची, ज्वारीची पातळ पेज आणायची आणि आपल्या बोलीत लटकंच रागवत घोट घोट पाजायची. “याडी, पी!” एवढंच रुखमाबाईला समजायचं. याडी म्हणजे आई, हे तिला नंतर कळलं. ताप उतरल्यावर तिने स्वतःच घागर उचलून दोन खाटांच्या मधे आणून ठेवली. तेव्हापासून दोघी एका ताटात जेवत. गोधडी शिवताना सुईत दोरा रुखमाबाई ओवायची, टाके रूपीबाई घालायची.

पुतण्या भावसिंग अंगणात बैलबंडी सोडून बसला होता. बरोबर बायको होती, तिच्या कडेवर तान्हं मूल, पदराला धरून आणखी एक.

“काकी, आता जमीन भेटली आमाले. घर बांधलं,” तो म्हणाला. “आमी दोघंही वावरात जातो. लेकरांपाशी घरी कोनी नाही. तू चाल.”

रुखमाबाईने ते ऐकलं. लेकरांपाशी कोणी नाही म्हणून न्यायला आलेत, हे तिच्या ध्यानात आलं. पण रूपीबाईने तोवर तान्ह्याला मांडीवर घेतलं होतं, आणि ते तिच्या बांगड्या ओढत होतं. इतकी हसताना रुखमाबाईने तिला कधी पाहिली नव्हती.

सामान बांधताना मात्र रूपीबाई मधेच थांबली.

“रुखमी, तू एकटी पडशीन. राहू काय मी? तू म्हन, मी राहतो.”

रुखमाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने गाठोड्याची गाठ करकचून आवळली.

“येडी झाली काय व? आपलं मानूस न्याले आलं, आन मले कायले इचारतं? माह्यापाशी खोलीभर बाया हायेत. जाय तू.”

बंडी वळणाआड गेली तरी ती फाटकापाशी उभी होती. त्या दिवशी ताट वाढून घेतलं, पण तसंच झाकून ठेवलं.

पावसाळा गेला, कापूस घरात आला. रूपीबाईच्या खाटेवर इंदूबाई नावाची एक अबोल बाई आली. दोघींत कामापुरतंही बोलणं नसायचं.

पौषाच्या थंडीत तांड्यातला देवसिंग बाजाराला जाताना आश्रमात डोकावला. व्यवस्थापक रामरावांपाशी उभा राहून म्हणाला, “आमची रूपीबाई गेली जी. पोळ्याच्या आंदीच. छातीत कफ झालता. इथं सांगाचं राहूनच गेलं.”

ओसरीवर डाळ निवडणाऱ्या रुखमाबाईचा हात सुपात थांबला.

“लेकराईले लय लळा लागला होता तिचा,” देवसिंग सांगत होता. “पन शेवटी शेवटी एकच धोशा. रुखमीले बोलवा, रुखमीले बोलवा. घरचे म्हनत, कोन रुखमी? बहीन तं नोती तिले. तांड्यातही कोनी नाही त्या नावाची. तापात बरळून राह्यली म्हनून सोडून देल्लं.”

रामरावांनी हळूच ओसरीकडे पाहिलं. रुखमाबाईने सूप बाजूला सारलं आणि ती विहिरीकडे चालू लागली.

“रुखमाबाई, अहो, थंडी किती आहे! खोकला आहे तुम्हाला,” रामराव मागे आले. “आणि इतके महिने होऊन गेले. ती काही तुमच्या नात्यातली नव्हती, आंघोळ कशाला?”

तिने दोर विहिरीत सोडला. भरलेली बादली अर्ध्यावर आली आणि दोर हातातून निसटू लागला. बादली परत खाली जाऊ लागली.

मागून कोणीतरी दोर धरला. इंदूबाई होती. काही न विचारता तिने बादली वर ओढली.

रुखमाबाई नेसत्या लुगड्यानिशी दगडावर बसली. इंदूबाईने तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, आणि पुन्हा दोर विहिरीत सोडला.