बाळासोंची कॉमेंट्री

आमच्या शिवाजी पेठेत एक काळ असा होता की, फुटबॉलच्या हंगामात नवरा माझा, पण त्याचा आवाज अख्ख्या पेठेचा. बाळासो केबलवाले. मॅचच्या दिवशी लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा स्टेडियमच्या गॅलरीत उभा राहायचा आणि हे माईक घेऊन आमच्या लोकल चॅनेलवर सुरू व्हायचे. खेळाडूंचे नंबर ह्यांना पाठ नसायचे, घरं पाठ. "बॉल घेतला पिंट्यानं! डेअरीजवळचा पिंट्या. कालच ताप उतरलाय गड्याचा. पळ, आता तरी पळ!" बायका भाकरी थापता थापता ऐकायच्या. एकदा पिंट्याची आई संध्याकाळी भांडायलाच आली, "तापाचं कशाला सांगितलंस रं? दमवलं की त्यांनी माझ्या पोराला!" जणू समोरचा संघ टीव्ही बघत बघतच खेळत होता.

मग डिश आली, तिच्यातून आम्ही वाचलो. फायबर आलं आणि एकेक घर गळायला लागलं. लोक सेट टॉप बॉक्स परत करायला यायचे ते आजाऱ्याला बघायला आल्यासारखे. चहा घ्यायचे, उसाचं, पावसाचं बोलायचे आणि उठताना पिशवीतला बॉक्स हळूच टेबलावर ठेवायचे. "पोरं ऐकत न्हाईत वो वहिनी." मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार? वायफाय आमच्याही घरात आलं होतं. ह्यांच्यासमोर त्याचं नाव तेवढं काढायचं नाही, एवढंच.

यंदा फायनल दाखवायचे हक्कच एका मोबाइल ॲपवाल्यांनी घेतले. केबलवर दाखवायची नाही, असं ठरलं. ह्यांनी ऐकून घेतलं, माईक जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि म्हणाले, "झालं. आता गच्च्यांवरच्या वायरी उतरवायला घेतो."

अडचण होती ती शेजारच्या बायडाबाईंची. त्यांचा नातू आदर्श पेठेतल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. बायडाबाईंनीच वाढवलेला. बायडाबाईंच्या दोन्ही डोळ्यांपुढं सगळं धुकं. त्याची एकही मॅच त्यांनी चुकवली नव्हती आणि एकही धड बघितली नव्हती. टीव्हीला कान लावून बसायच्या.

"ह्या साली बाळासो बोलणार न्हाय म्हंत्यात?" त्यांनी मला विचारलं. "मग माझा आदर्श कसा खेळतोय, ते मला कोन सांगायचं?"

"मी आणते की मोबाइल," मी म्हटलं.

फायनलला पेठ निम्मी स्टेडियमवर, निम्मी तालमीपुढं. मी बायडाबाईंच्या सोप्यात मोबाइल डब्याला टेकवून बसले. हे आमच्या गच्चीवर वायरी गुंडाळत होते. मॅचचा आणि आपला संबंध नसल्यासारखे. चित्र असं स्वच्छ की खेळाडूच्या गालावरचा घाम दिसावा. कॉमेंट्री हिंदीत, इस्त्री केलेली.

"ह्यो एक नंबर, एक नंबर कोन?"

"आदर्शच की, मावशी."

"मग नाव घ्यायला जीभ झडती व्हय त्याची?"

तरी त्यांनी दम धरला. मॅच बरोबरीत सुटली. आता पेनल्टी, म्हणजे सगळा भार गोलकीपरवर. तेव्हा मात्र त्या भिंतीला धरून उठल्या, दारात गेल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, "बाळासो! खाली ये!"

"मोबाइलवरची मॅच मी बोलणार न्हाय, मावशी. ते त्यांचं काम."

"त्यांचं त्यांनी केलं. माझं कोन करणार? आदर्शच्या बारशाला घुगऱ्या खाल्ल्यास न्हवं? ये मुकाट्यानं."

हे आले. खांद्यावर वायरीचं भेंडोळं तसंच. मी आवाज बंद केला. ह्यांनी चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला. आधी अडखळले, मग गळा मोकळा झाला. आमचा पोरगा चेंडू ठेवतोय असं सांगत होते, तेवढ्यात तालमीपुढं फटाक्यांची माळ लागली. स्टेडियमवरनं फोन येत होते ना पोरांना! मोबाइलवरचं चित्र बिचारं मागनं चालत येत होतं.

"बघा, गोल तालमीत आधी, मैदानात मागनं!" हे वैतागले. बायडाबाई खुदकन हसल्या.

असं करत शेवटची पेनल्टी आली. ती त्यांची, पलीकडच्या पेठेच्या संघाची. आदर्शनं अडवली तर आपण टिकलो, नाहीतर कप गेला. मोबाइलवर त्यांचा खेळाडू अजून चेंडूवरची माती झटकत होता. आमची तालीम एकदम गप्प झाली. आणि लांबून, पलीकडच्या पेठेतनं, फटाके वाजायला लागले.

ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच. मी स्क्रीनकडं बघितलं. आदर्श दोन्ही हात पसरून, गुडघ्यात वाकून उभा होता. त्याच्यापाशी अजून काहीच बिघडलं नव्हतं.

"बोल की रं," बायडाबाई म्हणाल्या.

"मावशी..."

"डोळं गेल्यात, कान न्हाईत गेलं. फटाकं कुठलं ते मला कळतंय. हरलो. पर उडी कशी मारली त्यानं, ते सांग."

ह्यांची रिकामी मूठ आपसूक तोंडापाशी गेली, माईक धरल्यासारखी.

"आदर्श उभा हाय," हे म्हणाले. "बायडाबाईचा आदर्श. नजर चेंडूवर. तो धावला... मारला! आणि आदर्श झेपावला, मावशी, उजवीकडं, आडवा, सगळा हवेत! बोटं लागली चेंडूला! लागली बरं का, मी बघितली..."