चिंगीचं खातं

बाल वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या, चहा पिता पिता एक मूल केलं होतं. दचकू नका, ऐका.

मुलांसाठी वेबसाइट नवीन सुरू झाली होती. घरी बसून पुस्तक निवडायचं, राखून ठेवायचं, मग येऊन काउंटरशेजारच्या रॅकवरून न्यायचं. हे सगळं चालतंय का, ते बघायला एक मूल हवं होतं. बाईंनी दिलं ठोकून! नाव चिंगी, वय नऊ, आवड भुताच्या गोष्टी. साइट झकास चालली, आणि ते खोटं खातं पुसायचं बाई साफ विसरल्या.

चिंगी मात्र नाही विसरली. तिनं एक पुस्तक राखून ठेवलं.

बाईंना वाटलं, ही भाचीची थट्टा. साइट भाचीच सांभाळायची. जीभ अशी, की घरात तिला मिरचीच म्हणायचे.

"मावशी, मला दोन घास खायला वेळ नाही," मिरची म्हणाली, "तुझी भुतावळ कुठे नाचवू?"

बाईंनी पुस्तक रॅकवर ठेवलं. दुपारी बघतात तर रॅक रिकामा! कुणी आलेलं नाही, गेलेलं नाही. काही दिवसांनी पुस्तक परतीच्या पेटीत सापडलं. पानं गारढोण, नुकतीच फ्रीजमधून काढल्यासारखी. साइटवर चिंगीनं अभिप्रायही लिहिला होता: 'भूत छान आहे, पण बडबडतं फार. आम्ही एवढं बोलत नाही.'

बाईंनी घाबरून पुस्तक टेबलावर टाकलं. पण वाचक कसली गुणाची! पान दुमडणं नाही, डाग नाही, अर्धवट सोडणं तर नाहीच. भीती एकीकडे आणि ग्रंथपालाचा लोभ एकीकडे. बाई आपणहून तिच्यासाठी पुस्तकं निवडून ठेवायला लागल्या.

मग वर्षभरानं एका दुपारी मिरची आली आणि टेबलाखाली शिरली. "आज ही जुनी साइट बंद, मावशी, नवीन येतेय. ज्या खात्यांवर पालकांचं नाव नाही, ती नवीन साइटवर जाणार नाहीत. पुसली जाणार."

"पुसली म्हणजे?"

"फळ्यावरचं पुसतात तशी. तुझी चिंगीपण. सुटलीस!"

तेवढ्यात बाईंच्या समोरच्या पडद्यावर, 'ग्रंथपालांना विचारा'च्या चौकटीत अक्षरं उमटली: 'पुसल्यावर मी कुठे जाऊ?'

"मिरचे, आगाऊपणा बंद कर!"

"मी? माझे दोन्ही हात वायरीत आहेत!" मिरचीनं डोकं बाहेर काढून वाचलं, आणि तिचा सगळा तिखटपणाच उतरला. "मावशी, उत्तर देऊ नकोस. जाऊ दे तिला."

"जाऊ दे काय? कुठे जाईल पोर?"

बाईंनी खातं उघडलं. पालक: स्वतःचं नाव. नातं: आई, वडील, इतर. बोट आधी 'इतर'वर गेलं, घुटमळलं आणि 'आई'वर पडलं. पत्ता घरचा.

"अगं, घरचा कशाला दिलास?"

"मग? परत खोटंच लिहू?"

जुनी साइट बंद झाली, नवीन सुरू झाली. मिरचीनं शोध शोध शोधलं. सगळी मुलं होती, चिंगी नव्हती.

"गेली गं," मिरची हळूच म्हणाली. बाईंनी संगणक बंद केला. पर्स उचलली आणि जड पावलांनी घरी आल्या.

दारातच नवरा उभा. "अगं, तू पाठवलेली पोरगी आलीये. आत वाचत बसलीये. डोक्यावरून हात फिरवला तर बर्फासारखी गार! कुणाची गं?"

बाईंचा पाय उंबऱ्यावरच थिजला. आत पान उलटल्याचा आवाज झाला. पळून जावंसं वाटलं. पण आई म्हणून नाव कुणी लावलं होतं?

"अहो, माझी," त्या म्हणाल्या. आणि थरथरत्या आवाजात आत हाक मारली, "पुस्तक हातात घेण्याआधी हात धुतलेस का गं?"

आत पुस्तक मिटलं.

मग मोरीतला नळ सुरू झाला.