सीतादहीचा फोटो

शकुबाईंनी आधी हात पदराला पुसले, मग सदाशिवरावांनी आणलेली त्यांच्या पुस्तकाची तिन्ही मुखपृष्ठं एकेक करून आपल्या अंगणातल्या खाटेवर मांडली आणि त्यांच्याकडे न बघताच विचारलं,

"हे भूतं कोनं काढले, भाऊ?"

पहिल्यावर काळा त्रिशूळ होता, दुसऱ्यावर जाळ आणि त्यात मुखवटा. पुस्तक जुन्या देवांचं, म्हणजे वाचकाला थोडं घाबरवलं पाहिजे, असं नागपूरच्या प्रकाशकाला वाटत होतं. दारव्ह्याच्या कॉलेजात शिकवत शिकवत सदाशिवरावांनी तीस वर्षं जिल्हाभरचे बांध तुडवले होते ते मात्र निराळ्याच देवांसाठी. शेंदूर फासलेले धोंडे, निंबाखालची मरीमाय, पहिल्या वेचणीला कपाशीत पुजायची सीतादही. इंग्रज पंडित ज्याला 'पेगन' म्हणून मोकळे होतात, तो हा सगळा देवळाबाहेरचा संसार. त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. उलट दहीभात होता.

तिसरं मुखपृष्ठ त्यांचं लाडकं. त्र्याहत्तर सालचा फोटो, मित्राचा कॅमेरा उसना आणून त्यांनी स्वतःच्या शेतात काढलेला. दुष्काळ सरल्यावरचं पहिलं पीक आणि पहिली वेचणी. कपाशीच्या झाडाखाली मांडलेले पाच खडे, पळसाच्या पानावर दहीभात, आणि समोर उकिडवी बसलेली विशीतली शकू, मान झुकलेली, दोन्ही हात तोंडाशी. तेव्हा कपाशी छातीला लागायची, वेचणाऱ्या बायांची थट्टामस्करी दोन शेतं पलीकडे ऐकू जायची आणि दहीभाताचा वाटा मिळावा म्हणून पोरं बांधावर ताटकळायची. आता दोन हजार सहा साल होतं. कापसाचं नाव काढलं की माणसं विषय बदलत. तो फोटो पाहिला की सदाशिवरावांना अजून भरून येई.

"मले हेच लावाचं हाय पुस्तकावर," ते म्हणाले. "पन चेहरा तुमचा. तुमी हो म्हटलं तरच. संध्याकाळपर्यंत प्रकाशकाले सांगा लागते."

शकुबाईंनी तो कागद उन्हाकडे धरला. स्वतःला बघून त्या क्षणभर लाजल्याच. मग कागदाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"तुमची माय कुठी गेली?"

"कापली. पाठमोरी होती ना थे. बरं दिसत नव्हतं."

आईचा शेतातला तो एकुलता एक फोटो, आणि त्यातही तिने पोराच्या कॅमेऱ्याकडे पाठ फिरवलेली. ती जाऊन बारा वर्षं झाली, तरी ते शल्य त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

"आन हे खालतं काय लिहलं?"

सदाशिवरावांनी वाचून दाखवलं, "कपाशीच्या देवीपुढे श्रद्धेने हात जोडणारी वेचणारीण."

शकुबाईंना असं हसू फुटलं की पदर तोंडाशी धरावा लागला.

"भाऊ, आमच्या घरचे देव छप्पन सालीच गेले. मायबापानं दीक्षा घेतली तवा मी कडेवर होती. मी कायले हात जोडू?"

"मग हे हात?"

"खाऊन राह्यलती मी! दोन दिसाची उपाशी. तुमच्या मायनं पान मांडलं, मले म्हने, शकू, बस इथी, खडे नीट कर. आन पाठ करून उभी राह्यली."

"तिले दिसलं नाही?"

"तिले सारं मालूम होतं. पाह्यलं असतं तं देवीचा निवद उष्टा केला म्हून बोला लागलं असतं. बाकीच्या बाया तिकडून येऊन राह्यलत्या. थे मधात उभी राह्यली, पदर असा पसरून. म्हने, या गोठी करत, सावकाश या. तुमी मातर कॅमेरा घेऊन इकडून आले."

सदाशिवराव खाटेच्या काठावर बसले. शकूच्या श्रद्धेवर त्यांनी सहाव्या प्रकरणात अकरा पानं लिहिली होती. तीन तालुक्यांतल्या माणसांना प्रश्न विचारून विचारून त्यांनी भंडावून सोडलं होतं, आणि ज्या बाईच्या हातांवर सगळं प्रकरण उभं केलं, तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि त्या लाजेतच आई इतकी जवळ आली की त्यांनी चष्मा काढून उगाच सदऱ्याला पुसला.

"मग नको छापू हे?"

"छापा ना. भूक लागलती, चोरी नाही केली. पन हात जोडले म्हून नोका लिहू. आन मायले नोका कापू."

अंगणाच्या एका कोपऱ्यातच मोबाईलला रेंज मिळे. सदाशिवराव तिथे जाऊन उभे राहिले. प्रकाशकाने फोन उचलताच ते म्हणाले,

"तिसरं घ्या. पण फोटो पूर्ण. कुठेही कापायचा नाही. आणि सहावं प्रकरण परत पाठवा, मला नव्यानं लिहायचंय."

"सर, छपाई तोंडावर आलीय," प्रकाशक वैतागला. "आणि मुखपृष्ठावर पाठमोरी बाई? ती तिथं काय करतेय, हे वाचकाला कळणार तरी आहे का?"

"नाही कळणार," सदाशिवराव म्हणाले. "मी तिचा मुलगा. मलाही आजच कळलं."