खिडकीतली कुंडी

नणंद पाय मोडून इस्पितळात पडली आणि तिची मांजर शिंपिणीच्या गळ्यात पडली. नणंद एकटी, घरात बोलायला ती मांजरच. "बरी होईपर्यंत सांभाळ गं, तीन महिने," एवढंच ती म्हणाली होती. तिसऱ्याच दिवशी इस्त्रीची वाफ जावी म्हणून शिंपिणीने खिडकी उघडली, आणि मांजर गेली ती गेलीच.

शिंपिणीने गल्लीबोळ पालथे घातले. शेवटी कुणीतरी सांगितलं, कॅटनिप लाव, त्याच्या वासाने मांजरं धावत येतात. रोप मिळेना, बी मिळालं. हात शिंपिणीचे, सगळं घट्ट बसवायची सवय. एकेक बी तिने बोटभर खोल पुरलं, वर माती दाबली आणि दोन आठवडे डोळे लावून बसली. उगवतंय कसलं!

बियाणेवाला हसला. "ताई, राईहून बारीक बी ते. एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग भिजत घाला आणि नुसतं वर भुरभुरा. उजेड लागतो त्याला."

या खेपेला हिरवे ठिपके उठले. महिन्याभरात पान चुरलं की बोटांना वास राहू लागला. मधल्या काळात नणंदेचे फोन यायचे. "खाते, पिते, मशीनखाली झोपते," शिंपीण बेधडक सांगायची आणि फोन ठेवला की तिला स्वतःचीच लाज वाटायची.

मग मांजरं आली. एक दांडगा बोका, एक लंगडी, दोन काबऱ्या. खिडकीत नुसता धुडगूस. हवी ती सोडून सगळी आली.

नणंद परवा घरी येणार होती. फोनवर शिंपिणीच्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, तिच्यासाठी कॅटनिप लावलंय मी."

"अगं वेडे, ती हुंगतसुद्धा नाही त्याला! काही मांजरांना नाही कळत तो वास. मी दोनदा आणून पाहिलं." नणंद हसली, मग तिचा आवाज जड झाला. "पण किती करतेस गं तिचं. जरा फोन धर तिच्या कानाशी. हाक मारते."

शिंपिणीने खिडकीकडे पाहिलं. कुंडीशी बोका लोळत होता. तिने फोन त्याच्यापुढे धरला. पलीकडून लाडाची हाक आली आणि बोका घसा ताणून ओरडला.

शिंपिणीने फोन परत कानाला लावला.

"ही माझी नाही," नणंद म्हणाली. "कधी गेली?"

"तिसऱ्या दिवशी, वन्सं."